धुरंधर, महादेव विश्वनाथ

(१८ मार्च १८६७–१ जून १९४४). मुंबईच्या यथार्थवादी चित्रपरंपरेतील अग्रगण्य चित्रकार, बोधचित्रकार व कलाशिक्षक. तैलरंग व जलरंग या दोन्ही माध्यमांत त्यांनी विपुल निर्मिती केली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी विद्यार्थी, शिक्षक व अधिकारी या नात्यांनी त्यांचा एकेचाळीस वर्षे संबंध होता. तथापि सामान्य माणसाला त्यांचा परिचय झाला तो मुख्यतः छापील चित्रांतून : पोस्टकार्डे, पुस्तके, मासिके, भिंतीवर लावावयाच्या रंगीत तसबिरी व दिनदर्शिका यांच्याद्वारे. चित्रकाराने प्रदर्शनासाठी रंगवावे आणि छापखान्यासाठीही रेखाटावे, यात त्यांच्या काळी कोणालाच विसंगती वाटत नव्हती. ही दोन कामे भिन्न दर्जाची मानण्याची प्रथा नंतर रूढ झाली. धुरंधरांच्या कीर्तीला पुढे जी ओहोटी लागली, तिचे बरेचसे कारण या विभागणीत सापडते.

त्यांचा जन्म कोल्हापूर येथे पाठारे प्रभू कुटुंबात झाला. मुंबई बेटावरील जुन्या रहिवाशांपैकी ही एक ज्ञाती. घरातील नीटनेटकेपणा, वस्त्राभूषणांची हौस आणि सणसमारंभांतील डामडौल यांबद्दल तिची ख्याती होती. धुरंधरांच्या चित्रांतील भरजरी शालू, नथी, अंबाडे, चौरंग, समया व लग्नमंडप यांचा मूळ स्रोत या घरगुती जगात आहे. त्यांचे शालेय शिक्षण कोल्हापुरातच झाले. कलाप्रेमी राजघराणे, देवळे, जत्रा आणि आखाडे यांनी गजबजलेल्या त्या संस्थानी नगरात डोळ्याला शिकवणारे पुष्कळ होते. मात्र पद्धतशीर कलाशिक्षणासाठी मुंबईस जाणे त्या काळी अपरिहार्य होते. जानेवारी १८९० मध्ये त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला.

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली. इंग्लंडमधील साउथ केन्झिंग्टन येथील शिक्षणक्रमाच्या धर्तीवर तिचा अभ्यासक्रम बेतलेला होता. मुक्तहस्त रेखाटन, भूमिती, यथादर्शन, छायाप्रकाश, पाश्चात्त्य अभिजात मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून अभ्यास आणि त्यानंतर प्रत्यक्ष माणसाच्या मुखाचे चित्रण, अशा ठरावीक पायऱ्यांनी विद्यार्थ्याला वर चढावे लागे. एखादे पान अथवा मस्तक आठवडेच्या आठवडे घोटून काढावयाचे, ही त्या शाळेतील रीत. या शिक्षणातून हाताला शिस्त लागे. कल्पनेला वाव मिळे असे मात्र म्हणता येत नाही. सुदैवाने धुरंधर दाखल झाले तेव्हा शाळेची सूत्रे जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे मोठे काम ग्रिफिथ्स यांनी पूर्वीच पार पाडले होते. भारतीय माणसांचे, त्यांच्या हालचालींचे व पेहरावांचे त्यांना मनापासून कौतुक असे. कोल्हापूरहून आलेल्या या तरुणाची रेखाटनावरील पकड त्यांच्या ध्यानी आली आणि त्यांनी त्यास उत्तेजन दिले. ग्रिफिथ्स यांच्याविषयीचा आदर धुरंधरांनी आयुष्यभर बाळगला.

१८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने हे त्या वेळच्या चित्रकाराचे मुख्य व्यासपीठ होते. सुरुवातीला त्यांवर यूरोपीय अधिकारी व हौशी चित्रकार यांचाच प्रभाव असे. अशा प्रदर्शनात १८९५ मध्ये धुरंधरांच्या ‘तू आलीस का, लक्ष्मी?’ या आशयाच्या चित्रास सुवर्णपदक मिळाले. जे. जे.मधील एका देशी विद्यार्थ्याने हा मान मिळविणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पदकाइतकाच चित्राचा विषयही लक्षणीय आहे. राजेमहाराजांची व्यक्तिचित्रे आणि पौराणिक प्रसंग यांना मागणी असताना या विद्यार्थ्याने घरातील एक साधा क्षण निवडला. घरकामात गुंतलेली, शृंगार करणारी, वाट पाहणारी, देवदर्शनास निघालेली मराठी स्त्री हा त्यांचा आवडता विषय ठरला आणि अखेरपर्यंत तसाच राहिला.

१८९६ मध्ये ते त्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. ग्रिफिथ्स यांच्या निवृत्तीनंतर शाळेचे प्रमुख बदलत गेले. सेसिल बर्न्स यांच्या दीर्घ कारकीर्दीत आणि त्यानंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या अमदानीत धुरंधर शाळेचे एक आधारस्तंभ होते. त्यांनी मुख्याध्यापकपद सांभाळले, १९२७ मध्ये त्यांना रावबहादुर हा किताब मिळाला आणि १९३० मध्ये काही काळ शाळेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. संचालकाच्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय होत. ही खुर्ची निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणि तात्पुरती मिळावी, यातच त्या वेळच्या सरकारी शिक्षणखात्याची घडण दिसून येते. १९३१ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. तीन-चार पिढ्यांचे चित्रकार त्यांच्या हाताखालून गेले. वर्गात बोलण्यापेक्षा विद्यार्थ्याच्या कागदावर चार रेघा काढून दाखविणे हीच अशा शिक्षकाची भाषा. मुंबईच्या रेखाटनात जो सफाईदारपणा पुढे रूढ झाला, त्यात धुरंधरांचा वाटा मोठा होता.

नोकरी सांभाळून चित्रकाराने चरितार्थासाठी आणखी काय करावे, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत दोन उत्तरे होती. संस्थानिक, न्यायाधीश व शेठसावकार यांची व्यक्तिचित्रे रंगविणे हे एक. छापखान्यासाठी काम करणे हे दुसरे. दुसरी वाट राजा रविवर्मा यांनी मळली होती. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविलेला त्यांचा शिळाछापखाना म्हणजे देवादिकांच्या तसबिरी घरोघर पोहोचविणारी पहिली मोठी यंत्रणा होय. छापखान्याची मालकी जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेल्यानंतर रविवर्म्यांच्या जोडीला इतर चित्रकारांच्या कृतींचीही आवश्यकता भासू लागली. अशा चित्रकारांत धुरंधरांचा समावेश होतो. भायखळ्याच्या लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या छापखान्यानेही त्यांची अनेक चित्रे छापली. पुराणकथांतील व्यक्ती, देवदेवता व ऐतिहासिक पुरुष यांची ही रंगीत चित्रे शहरांतील दिवाणखान्यांपासून खेड्यांतील देवघरांपर्यंत पोहोचली. घरातील भिंतीवर ती वर्षानुवर्षे टांगलेली असत. त्यांखालची सही वाचण्याच्या भानगडीत मात्र फारसे कोणी पडत नसे.

छपाईसाठी काढलेल्या चित्रांचे मोल जाणण्यासाठी तत्कालीन तंत्राच्या मर्यादा लक्षात घेणे इष्ट ठरते. रंगीत शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करावी लागे. छापखान्यातील कारागीर मूळ चित्रावरून रंगांचे पृथक्करण केवळ नजरेने करीत आणि आकृती शिळेवर पुन्हा रेखाटीत. परिणामी चित्रकाराचा हात व वाचकाचा डोळा यांच्यामध्ये एक तिसरा हात येई. मूळ चित्रातील त्वचेचे हळुवार रंगफेर अशा प्रतीत भडक होत आणि डोळे ठोकळेबाज दिसत. पुस्तकांच्या छपाईतील अडचण निराळी होती. रेषाठशात फक्त काळे आणि पांढरे उमटे. मधल्या छटा दाखवावयाच्या तर बारीक समांतर रेषांचे जाळे विणावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाळीठसा रूढ झाल्यावर ही अडचण दूर झाली आणि पातळ शाईच्या पुटांनी रंगविलेले चित्र जसेच्या तसे छापता येऊ लागले. धुरंधरांची करड्या वा तपकिरी छटांतील असंख्य बोधचित्रे या बदलाची फलश्रुती आहेत. ज्या छपाईत जे उत्तम उतरेल, तेच त्या चित्रात योजावे ही जाण त्यांच्या ठायी होती. आकृती पार्श्वभूमीपासून स्पष्ट सुटलेली, मुख्य प्रसंग एका नजरेत ध्यानी येणारा, दुय्यम पात्रे मागे फिकट छटांत मांडलेली, अशी त्यांच्या बोधचित्रांची रचना असते. प्रदर्शनातील चित्रासमोर प्रेक्षक थांबतो. पान उलटणारा वाचक थांबेलच असे नाही, याचा विचार तीत दिसून येतो.

त्यांची पोस्टकार्डे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. भारतात पाव आण्याचे सरकारी पोस्टकार्ड १८७९ मध्ये निघाले. चित्रांची कार्डे त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी लोकप्रिय होऊ लागली. आरंभीच्या चित्रकार्डांची एक संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखून ठेवावी लागे. मजकूर चित्राच्याच बाजूस लिहावयाचा असल्याने चित्र एका कोपऱ्यात आखडून बसे आणि उरलेल्या कोऱ्या जागेत पाठविणारा आपले दोन शब्द लिही. १९०२ मध्ये ब्रिटनने पत्त्याची बाजू दुभागून तीवर मजकूर लिहिण्यास मुभा दिली व इतर देशांनी काही वर्षांतच तिचे अनुकरण केले. त्यानंतर चित्राला कार्डाची पूर्ण बाजू मिळाली. धुरंधरांनी याच संक्रमणकाळात कार्डांसाठी चित्रे काढली. मुंबईच्या रस्त्यावरील माणसे हा त्यांतील प्रमुख विषय : टोपली घेतलेली कोळीण, नटूनथटून निघालेली पारशी स्त्री, ठसकेबाज मोलकरीण, फेरीवाले, शिपाई, भिक्षुक. परदेशी पाहुण्यांना स्वदेशी पाठविण्यासाठी ‘देशी लोकांचे नमुने’ हवे असत आणि त्या बाजारपेठेसाठी ही कार्डे निघाली, हे खरे. परंतु त्याच बाजारपेठेतील छायाचित्रकार्डांशी ती ताडून पाहिली म्हणजे भेद कळून येतो. छायाचित्रातील माणूस पडद्यापुढे ताठ उभा केलेला असतो. धुरंधरांची कोळीण चालत असते, मोलकरीण कोणाकडे तरी पाहून हसत असते. तीत थोडा खट्याळपणा आहे, क्वचित थट्टाही आहे. ती थट्टा शेजारघरच्या माणसाने केलेली वाटते, परक्याने केलेली नव्हे.

ही दृष्टी त्यांना रोजच्या रेखाटनांतून आली. हाताशी वही बाळगावी व दिसेल ते टिपावे, हा त्यांचा परिपाठ होता. बाजार, देवळांची पायरी, प्रवासातील मुक्काम, घरची माणसे या सर्वांची पेन्सिल आणि जलरंगांतील असंख्य रेखाटने त्यांनी मागे ठेवली. बहुसंख्य कामांवर सही व साल घालण्याच्या त्यांच्या सवयीचा कलेतिहासकारांना मोठा उपयोग होतो. लुगडे नेसण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा, पागोट्यांचे ज्ञातिपरत्वे पडणारे घाट, जोडे, छत्र्या, दागिने यांचा काळ निश्चित करण्यास ही रेखाटने छायाचित्रांपेक्षाही अधिक भरवशाची ठरतात. कारण त्या काळच्या छायाचित्रांत रंग नाहीत.

पुस्तकांतील त्यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. मुंबईचे सनदी अधिकारी व पुढे पोलीस आयुक्त झालेले एस. एम. एडवर्ड्स यांनी शहराच्या गल्लीबोळांवर लिहिलेल्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या इंग्रजी पुस्तकाची धुरंधरांच्या चित्रांनी युक्त आवृत्ती १९१२ मध्ये निघाली. अफूचे अड्डे, मोहरम, सिद्दी लोकांची वस्ती, कोकणातील दंतकथा असे त्यातील विषय. १९१४ मध्ये सी. ए. किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ प्रसिद्ध झाले. मराठी घरांत व्रतांच्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या कहाण्या किंकेड यांनी इंग्रजीत आणल्या होत्या. या कथा पुस्तकरूप घेण्यापूर्वी ‘द टाइम्स ऑफ इंडिया’ या वृत्तपत्रात येत होत्या. मराठी माणसाला पाठ असलेल्या या कहाण्या परभाषेत जाताना परीकथांसारख्या भासू लागतात. चित्रे मात्र त्यांना पुन्हा माजघरात आणतात. आटपाट नगर, तेथील राजा, दरिद्री ब्राह्मण, आवडती आणि नावडती राणी यांना धुरंधरांनी दिलेली घरे, भांडी व वस्त्रे दख्खनची आहेत. या पुस्तकात लेखकापेक्षा चित्रकार कथेच्या अधिक जवळ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ऑटो रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथातील अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे ही त्यांची सर्वांत मोठी बोधचित्रमालिका होय. रॉथफील्ड हेही सनदी नोकर होते. स्त्रियांचे उच्चकुलीन, मध्यमवर्गीय, श्रमिक व आदिवासी, नर्तकी असे वर्ग पाडून केलेले त्यांचे विवेचन साम्राज्यकालीन मानववंशवर्णनाच्या ठशातील आहे. त्यात कौतुक आहे तसाच वर्गवारीचा सोसही आहे. चित्रकाराकडून अपेक्षा होती ती प्रत्येक वर्गाच्या एकेका नमुन्याची. खोजा, भाटिया, प्रभू, भिल्ल, तोडा अशा विविध समाजांतील स्त्रिया धुरंधरांनी चितारल्या. मालिकेचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. मुंबई व गुजरातेकडील स्त्रियांच्या चित्रांत ठेवण, चाल आणि चेहऱ्यावरील भाव सहज साधले आहेत. दूरच्या प्रांतांतील काही स्त्रिया मात्र पोशाखांच्या प्रदर्शनातील बाहुल्यांसारख्या वाटतात. ज्या माणसांत चित्रकार वावरला ती आणि ज्यांची त्यास केवळ माहिती होती ती, यांतील अंतर एका ग्रंथाच्या पानापानांतून असे क्वचितच दिसते. मुंबईच्या लोकसमूहांवरील पर्सिव्हल व ऑलिव्हिया स्ट्रिप यांच्या ‘द पीपल्स ऑफ बॉम्बे’ या पुस्तकातही त्यांचीच चित्रे आहेत. ते १९४४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाले.

देशी भाषांतील नियतकालिकांनीही त्यांच्याकडून चित्रे घेतली. हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये मुंबईत सुरू केलेले ‘वीसमी सदी’ हे गुजराती मासिक चित्रांच्या समृद्धीमुळे गाजले आणि त्याच्या चित्रकारांत धुरंधर व रविशंकर रावळ हे प्रमुख होते. कथेतील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करणारे चित्र मासिकात हवेच, ही वाचकांची अपेक्षा याच सुमारास दृढ झाली. मराठीत ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये निघाला व सजावटीच्या चित्रांसाठी एक नवी बाजारपेठ निर्माण झाली. दलाल, मुळगावकर आदी नंतरच्या पिढीतील चित्रकारांना या बाजारपेठेने लौकिक व अन्न दोन्ही दिले. सुंदर, सोज्ज्वळ व किंचित लाजरी मराठी स्त्री मुखपृष्ठावर विराजमान करण्याची जी प्रथा त्यांच्या हातून कळसास पोहोचली, तिचा पाया धुरंधरांच्या पिढीने घातलेला आहे. फरक इतकाच, की धुरंधरांच्या स्त्रीला अजून ज्ञाती, गाव व कामधंदा आहे. मुखपृष्ठावरच्या नंतरच्या सुंदरीला बहुधा यांपैकी काहीच नसते.

ऐतिहासिक प्रसंगचित्रे हा त्यांच्या कार्याचा आणखी एक पैलू. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९५ नंतर शिवस्मारकाची चळवळ व शिवजयंतीचा उत्सव यांना जोर आला आणि शिवकालाचे दृश्यरूप कसे असावे, हा प्रश्न चित्रकारांपुढे उभा राहिला. समकालीन लघुचित्रांत शिवाजी महाराजांची छबी होती. त्यांच्या जीवनातील प्रसंगांची मोठी चित्रे मात्र उपलब्ध नव्हती. ती कल्पनेने रचावयाची होती. शिवराज्याभिषेकाच्या दरबाराचे धुरंधरांनी काढलेले चित्र या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मध्यभागी सिंहासन, सभोवार शंभराहून अधिक व्यक्तींचा समुदाय, आणि उजवीकडे खालच्या अंगास लवून मुजरा करणारा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन, अशी त्याची मांडणी आहे. इतक्या माणसांची गर्दी गोंधळ न होऊ देता बसविणे हे रचनाकौशल्याचे काम. लग्नसमारंभ आणि मिरवणुका यांच्या चित्रणाने धुरंधरांना त्याचा सराव झालेला होता. ऑक्झिंडन १६७४ मध्ये रायगडावर उपस्थित होता, हे इतिहाससिद्ध आहे. तरीही सरकारी कलाशाळेतील शिक्षकाने वाकलेला इंग्रज चित्राच्या दर्शनी भागात ठेवावा आणि कोणी त्यास आक्षेप घेऊ नये, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. पुढे पाठ्यपुस्तके, दिनदर्शिका व भित्तिपत्रके यांतून या चित्राच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि राज्याभिषेक म्हणताच मराठी माणसाच्या मनात जे दृश्य उभे राहते, ते पुष्कळ अंशी धुरंधरांचे आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व कलासंग्राहक होते. त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात धुरंधरांच्या कृती आहेत.

१९२० नंतर मुंबई व बंगाल येथील कलासंप्रदायांत कडाक्याचा वाद झाला. ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांच्या प्रेरणेने उदयास आलेल्या बंगाल संप्रदायाने पाश्चात्त्य यथार्थवाद त्याज्य ठरविला व मुंबईच्या चित्रकारांवर परकीयांच्या अनुकरणाचा ठपका ठेवला. सॉलोमन यांनी एकीकडे प्रत्यक्ष मानवाकृतीवरून अभ्यासाचे वर्ग सुरू केले आणि दुसरीकडे भित्तिचित्रणाचा वर्ग काढून अलंकारिक भारतीय शैलीला उत्तेजन दिले. नव्या राजधानीतील सचिवालयाच्या सजावटीचे काम १९२८–२९ च्या सुमारास मुंबईच्या चित्रकारांकडे आले, तेव्हा विधिसदस्यांच्या दालनासाठी हिंदू व मुस्लिम न्यायदानाचे प्रसंग धुरंधरांनी रंगविले. अशा भव्य कामातही त्यांनी आपली पद्धत सोडली नाही. नव्या अलंकारिक शैलीचा त्यांना द्वेष नव्हता. तथापि साठीच्या घरात आलेल्या, प्रत्यक्ष पाहून रेखाटण्यात मुरलेल्या हाताला ती मानवण्यासारखी नव्हती. दोन्ही पक्षांच्या लेखी ते अशा रीतीने मागल्या जमान्याचे ठरले.

त्यांच्या कलेच्या उणिवा लपण्यासारख्या नाहीत. मागणी आली की चित्र तयार, या वेगामुळे पुष्कळ ठिकाणी तोचतोपणा येतो. पौराणिक चित्रांतील त्यांचे नायक नाटकातील पात्रांप्रमाणे हातवारे करतात. तत्कालीन रंगभूमीचा तो ठसा रविवर्म्यांपासून सर्वांवरच आहे. धुरंधर त्यास अपवाद नाहीत. दारिद्र्य, रोगराई, गिरण्यांतील कष्ट यांना त्यांच्या मुंबईत फारसे स्थान नाही. १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीने हे शहर उजाड होत असताना ते तेथेच होते. त्यांच्या चित्रसंसारात मात्र सणाचा दिवस मावळत नाही. मागणी करणाऱ्यांना जे हवे होते ते त्यांनी दिले, असे याचे स्पष्टीकरण देता येईल. परंतु स्वभावतःच त्यांचा ओढा प्रसन्नतेकडे होता, हे त्यांच्या खाजगी वह्यांतील रेखाटनांवरूनही दिसते.

या उणिवांपेक्षा त्यांच्या लौकिकाला अधिक बाधक ठरली ती कलेची नवी प्रतवारी. १९३०–४० या दशकात जे. जे.मध्ये व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९६१ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. जाहिरात, बोधचित्र व पुस्तकसजावट हे एक शिक्षण. चित्रकला व शिल्पकला हे दुसरे. व्यवसायाच्या दृष्टीने ही विभागणी आवश्यकच होती. इतिहासलेखनावर मात्र तिचे विपरीत परिणाम झाले. आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी धुरंधरांना कार्डे व दिनदर्शिकांचे चित्रकार म्हणून मागे सारले. उपयोजित कलेच्या अभ्यासकांना ते तैलचित्रांचे रावबहादुर वाटले. पुढील काळात प्रगतिशील कलावंतांच्या नव्या दृष्टीपुढे सारा यथार्थवादी वारसाच जुनाट ठरला. छापील चित्रे तर जतन करण्याची वस्तूच नव्हती. तसबीर फिकी झाली की तिच्या चौकटीत दुसरी बसवीत. अशा रीतीने ज्या कामाने त्यांना घरोघरी नेले, तेच सर्वांत आधी नष्ट झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पार्थ मित्तर प्रभृती संशोधकांनी छापील चित्रे ही वसाहतकालीन समाजाच्या इतिहासाची साधने मानली. त्यानंतर जुनी कार्डे व तसबिरी यांचा पद्धतशीर शोध सुरू झाला आणि धुरंधरांकडे पुन्हा लक्ष गेले.

‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हे धुरंधरांचे आत्मकथन मराठीतील कलाविषयक वाङ्मयात महत्त्वाचे आहे. जे. जे.मधील शिक्षणपद्धती, एकामागून एक आलेले इंग्रज प्रमुख, सहकारी, परीक्षा, बक्षिसे आणि चित्रांची गिऱ्हाइके यांची हकीकत त्यात साध्या व सरळ भाषेत येते. स्वतःच्या कामाविषयी ते कारागिराच्या भाषेत बोलतात : चित्र कोणासाठी केले, केव्हा केले, कोणास आवडले. कलेच्या तत्त्वज्ञानाची त्यांना फारशी ओढ दिसत नाही. पहिल्या पिढीच्या भारतीय कलाशिक्षकाने आपल्या संस्थेचा असा सलग वृत्तांत लिहावा, हे अन्यत्र क्वचितच घडले आहे. या शाळेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही.

त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनीही जे. जे.मध्येच शिक्षण घेतले. चित्रकलेची पदविका मिळविणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी त्या एक होत. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांची चित्रे, रेखाटने व कागदपत्रे यांचा सांभाळ त्यांनी दीर्घकाळ केला. आपल्या ‘माझी स्मरणचित्रे’ या पुस्तकात त्यांनी घरातील आठवणी लिहून ठेवल्या आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कार्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याचे संयोजन चित्रकार व कलाअभ्यासक सुहास बहुळकर यांनी केले होते. तैलचित्रांच्या बरोबरीने पोस्टकार्डे, पुस्तकांतील बोधचित्रे, तसबिरी आणि वह्यांतील रेखाटने या प्रदर्शनात एकत्र मांडण्यात आली होती.